पुरे म्हणेपर्यंत

ही गोष्ट मी कुणाकडून उडत उडत ऐकलेली नाही. माझी मावसबहीण इंद्रायणी, तिच्या घरी घडलेली आहे. आणि ती खोटं बोलणाऱ्यांतली नाही.

गेल्या जानेवारीतली दुपार. चंदीगडला असं धुकं, की फाटकाबाहेरचं झाडही दिसेना.

पोर्चमध्ये तिच्या नवऱ्याची, कृष्णकांतरावांची, डिझेल जीप होती. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने तिला बूस्ट मीटर बसवला होता. टर्बो इंजिनात हवा कोंबतो; तो दाब बारीक नळीतून मीटरपर्यंत येतो आणि सुई हलते. दर हिवाळ्यात ते नळी तपासायचे. उघड्या बॉनेटपुढे उभे राहून नळीत फुंकायचे आणि दाब धरून ठेवायचे. इंद्रायणी आत बसून सुई बघायची.

ती "पुरे" म्हणेपर्यंत ते सोडायचे नाहीत. चेहरा लाल झाला तरी.

दिवाळीत ते गेले.

आता मुलगा, अंबरीश, जीप पुण्याला नेणार होता. उद्याच. सोबत बायको आणि तान्ही मुलगी. जुनी नळी तडकलेली, म्हणून त्याने मनीमाजऱ्याच्या बाजारातून मऊ प्लास्टिकची नळी आणली. तापणाऱ्या टर्बोला खेटूनच ओढली.

"अरे, तिथे वितळेल ती! पोर असणार गाडीत. ह्यांनी जाड नळी बॅटरीच्या बाजूने नेली होती."

"आई, यार, बाबांचा सगळाच द्राविडी प्राणायाम! तू बस आत. सुई बघ."

ती बसली. उघड्या बॉनेटमुळे पुढचं काही दिसत नव्हतं.

फूऽऽऽ...

सुई वर गेली.

"हलली रे."



तिने शाल सावरली. चष्मा पुसला. सुई तशीच वर.

इतका वेळ माणसाचा श्वास पुरत नाही.

इतक्यात फाटक वाजलं. धुक्यातून अंबरीश आला, हातात नळी आवळायच्या क्लिपांची पुडी.

"शेजारी वर्माजींकडे गेलो होतो. क्लिपा कमी पडल्या. काय झालं?"

"मग... फुंकतंय कोण?"

बॉनेटपुढे कुणीच नव्हतं. नळीचं टोक मोकळं लोंबत होतं. आतून श्वासाच्या वाफेने ओलं...

अंबरीशने ती नळी उपटून काढली.

सुई वरच.

त्याने बाजारातून जाड नळी आणली. बॅटरीच्या बाजूने, लांबून नेली. तोवर सुई तसूभरही हलली नाही.

शेवटची क्लिप बसली. इंद्रायणी हळूच म्हणाली, "पुरे."

सुई खाली आली.

ते पुण्याला सुखरूप पोहोचले.

परवा अंबरीशचा फोन आला. "आई, गाडी बंद आहे. पण सकाळपासून सुई वर आहे. मेकॅनिकला काही सापडत नाही. तू एकदा म्हण ना... पुरे."

"कुठे निघालायस?"

"उद्या महाबळेश्वर. सगळेच."

"जाऊ नकोस."

ते गेले नाहीत. जीप तिथेच उभी आहे. सुई अजून वर.

इंद्रायणीने तो शब्द उच्चारलेला नाही. मीही तिला "म्हण" म्हणत नाही.