मागच्या बाकांवरची ओल

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर राहू द्या. माझे मामा, महादेव सर, स्वतः तिथे होते आणि त्यांनाही ती पटली नव्हती.

साल एकोणीसशे अठ्ठेचाळीस. पनवेलचं, खाडीकडचं मिशनचं हायस्कूल. डिसेंबरातला कोरडा शुक्रवार, सकाळचे अकरा. ही भुतांची वेळ नव्हे, हे मलाही कळतं. पण शाळा तेव्हाच भरायची.

नोव्हेंबरच्या वादळात मिठागराचा बांध फुटला. शाळेची नऊ मुलं गेली. अर्धी कौलंही गेली. मुख्याध्यापक फादर तातडीने मुंबईला धावले, ते कौलांसाठी.

आज शिक्षणखात्याचे डेप्युटी साहेब तपासणीला आले होते. चाळीस मुलं हजर नसतील, तर शाळा बंद.

पटावर एक्केचाळीस. त्यांतली नऊ...

नावं अजून कमी केली नव्हती. त्याला फादरांची सही लागते. त्या नवांतल्या शिवाची आई ठमाबाई तर शाळेच्या दारात येऊन बसली होती.

"सर, माज्या पोराचं नाव खोडू नका. आता तेवडंच हाय त्याचं."

खोटी हजेरी मामांनी जन्मात मांडली नव्हती. शाळा आज जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. समोर बत्तीस मुलं. मागचे बाक रिकामे. मान खाली घालून ते हजेरी वाचू लागले.

सातवं नाव आलं. मामा अडखळले. मग वाचलं.

"शिवा काळूराम."

...

"हजर, सर."

आवाज मागून आला. घशात पाणी असल्यासारखा.

मामांनी मान वर केली नाही. वेणू... गणू... शकू... प्रत्येक नावाला ओ आली. एरवी टाचणी पडली तरी वळून बघणारी पोरं त्या दिवशी ताठ बसली होती.

एकानेही मागे पाहिलं नाही.

साहेब वहीत रेघा ओढत होते. तपासणीत मुलांकडे बघायची खात्यात पद्धत नव्हती.

"एक्केचाळीस. छान," ते म्हणाले.

शाळा वाचली होती.

मुलं सुटल्यावर साहेब वर्गातून फिरले. मागच्या बाकावर सहज हात टेकला.

हात ओला झाला.

त्यांनी तो हुंगला... खाडीचा वास.

नऊ जागा. सगळ्यांखाली पाणी.

आठवड्याने शेरा आला. 'पटसंख्या समाधानकारक. इमारतीत ओल. मुलांच्या प्रकृतीस अपायकारक. शाळा तत्काळ बंद करावी.'

फाटकावर नोटीस लागली. बत्तीस मुलांपैकी बहुतेक मिठागरावर टोपल्या वाहू लागली. तिथली ओल कुणी तपासली नाही.

ठमाबाईला वाचता येत नव्हतं. मामांनी नोटीस वाचून दाखवली.

"शाला बंद झाली, ते शिवाला कोनी सांगितलं?"

मामांनी हजेरीपुस्तक घरी नेलं. मरेपर्यंत जपलं.

ते हजेरीपुस्तक आता माझ्या कपाटात आहे. नऊ नावं तशीच आहेत, न खोडलेली.

मी ती मनातल्या मनात वाचतो.

मोठ्याने अजून वाचलेली नाहीत...