वीस औषधांचा तांदूळ

आधीच सांगतो, ही गोष्ट खरी आहे. माझ्या बागेतल्या ज्या द्राक्षमण्यात बसून आम्ही चौघं पत्ते खेळलो, त्या मण्याची शपथ.

२०५३ साली माझ्या मांडीत कर्करोगाची गाठ निघाली. दवाखान्यातून परतलो, तर नात शाल्मली दारातच उभी.

"आबा, सुई टोचून काय केलं?"

"गाठीत तांदळाचा दाणा पेरला. त्यात वीस औषधं आहेत."

"आणि उगवणार काय, बिर्याणी?"

थापाड्याच्या खऱ्यालाही किंमत नसते. म्हणून दोन दिवसांनी दाणा काढला, तेव्हा तिला डॉ. तडवींसमोरच नेऊन बसवलं.

"या वेळी आजोबा खरं बोलले," त्या म्हणाल्या. "हे रोपणयंत्र (शरीरात बसवायचं उपकरण). याला वीस खाचा आहेत. प्रत्येक खाचेतून वेगळं औषध, तेही कणभर, फक्त शेजारच्या पेशींत झिरपतं. बाकी अंगाला पत्ताही लागत नाही. मग भोवतालच्या मांसाच्या चकतीसकट दाणा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली (बारीक वस्तू मोठी दाखवणारं यंत्र) बघायचं, कुठल्या खाचेपाशी पेशी मेल्या."

पडद्यावर वीस ठिपके होते. एकोणिसांभोवती पेशी मजेत. सातव्यापाशी मात्र मेलेल्या.

"म्हणजे नवी फवारणी तुम्ही आधी चार वेलींवर मारून बघता, तसं," शाल्मली म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आजीला कुठलं चाललं असतं, आबा?"

"माहीत नाही. तिच्या गाठीला कुणी विचारलंच नाही."

"प्रत्येकाची गाठ वेगळी," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "यांचं सातवं त्यांना चाललं असतंच, असं नाही. तेव्हा हा दाणा नव्हता."

चार वेलींवर बघितल्याशिवाय बाग पणाला लावणारा मूर्ख मी नव्हतो. इंदूला, शाल्मलीच्या आजीला, मात्र पहिलं औषध पाच महिने, अख्ख्या अंगाला. केस गेले, गाठ तशीच. मग दुसरं. तिसऱ्यापर्यंत ती पोचली नाही. आणि मी रोज सांगायचो, "हरभऱ्याएवढी उरलीय गं." ती हसायची. "तुमच्या त्या द्राक्षमण्यासारखीच ना?"

सातवं औषध सुरू झालं. गाठ शाल्मलीच मोजते. "तुमच्या तोंडचा आकडा नको," म्हणते.

तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "अर्धा सेंटिमीटर कमी."

मी तिचा चेहरा निरखला. थापा आमच्या रक्तातच आहेत. टेप मागून घेतला, स्वतः मोजलं. खरंच होतं.

इंदूनं मला कधी टेप मागितला नव्हता.