भरणी

२०४१ सालच्या गडहिंग्लजमध्ये 'हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?' असं फोनवर कोणी विचारत नसे. तांब्याच्या तारा उपटून घरोघर काचेचा तंतू पोचला होता, आणि आवाज येतच असे. निवृत्त मुख्याध्यापिका प्रभावती खोत यांनी फायबरला गल्लीत सगळ्यांत शेवटपर्यंत विरोध केला, आणि घेतल्यावर सगळ्यांत जास्त कौतुकही त्यांनीच केलं. माघार घेतानासुद्धा पहिला नंबर सोडायचा नाही, हा बाईंचा स्वभाव.

कौतुकाला कारण होतं. त्यांचे थोरले भाऊ यशवंतराव, म्हणजे दादा, फलटणला एकटे राहत. रोज सव्वासातला बहीणभावाचा फोन व्हायचा. चहा झाला का, गुडघा काय म्हणतो, मग पेपरातलं शब्दकोडं. जुन्या तारेवर दादा अलीकडे अडखळायचे, मध्येच गप्प व्हायचे. फायबर आलं आणि गेले आठ महिने दादा पुन्हा पूर्वीसारखे खणखणीत बोलू लागले.

टोरांटोहून दादांच्या मुलानं, हृषीकेशनं, विचारलं होतं, "आत्या, डॉक्टर म्हणतात बाबांना एकटं ठेवू नका. बाबा म्हणतात घर सोडणार नाही. तू रोज बोलतेस त्यांच्याशी. तू सांगशील तसं करू."

"ठणठणीत आहे तो," बाई म्हणाल्या. "काल आडवा पंधरावा शब्द त्यानंच मला सांगितला."

बाईंच्या या शब्दावर दादा एकटेच राहिले. मग गेल्या आठवड्यात फलटणच्या शेजारणीनं कळवलं की दादा सकाळी फोन कानाला लावून नुसते बसलेले असतात, तोंडातून शब्द निघत नाही. बाईंनी तिला वेड्यात काढलं. पण मनात किडा वळवळू लागला, म्हणून त्यांनी कंपनीच्या माणसाला लाइन तपासायला बोलावलं.

आली शर्वरी हिंगमिरे, तिशीतली इंजिनियर. भिंतीवरच्या डबीला लॅपटॉप जोडून ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"बाई, तारेवर आवाज सलग वाहायचा. इथं त्याचे तुकडे होतात, एका सेकंदाचे पन्नास. प्रत्येक तुकडा आपापल्या वाटेनं जातो आणि पलीकडे त्यांना पुन्हा ओळीनं लावतात. काही वाटेत गळतात."

"सहलीला पोरं नेल्यासारखंच की."

"तसंच. फक्त गळालेल्या पोराच्या जागी यंत्र हुबेहूब तसंच पोर उभं करतं. त्याला आम्ही भरणी म्हणतो."

भरणी आधी आवाजाचा एखादा कण भरायची, मग अख्खा शब्द. बोलणाऱ्याची सवय जितकी ठरलेली, तितका तिचा अंदाज अचूक. पुढे ती इतकी तरबेज झाली, की माणूस दोन सेकंद गप्प बसला तरी तुकडे गळाले असं समजून ती वाक्य पुरं करू लागली. ग्राहक खूश होते. तक्रार एकही नव्हती.

"मग दादाचं बोलणं किती आणि तुझ्या भरणीचं किती?"

शर्वरीनं उत्तर टाळायला बघितलं. बाईंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. त्या नजरेपुढे तीस वर्षांत कोणी टिकलं नव्हतं.

"कालच्या बावीस मिनिटांत त्यांचे स्वतःचे चाळीस सेकंद."

"ऐकव."

मूळ आवाज कंपनीकडे साठवलेला असे, आणि तो ऐकण्याचा ग्राहकाला हक्क होता. शर्वरीनं तो लावला. आधी नुसता श्वास, लांब कुठेतरी कुकरची शिट्टी. मग दादांचा बारीक आवाज, "कोण बोलतंय?" पुन्हा श्वास. "कोण… कोण बोलतंय?"

"हे मला का नाही ऐकू आलं?"

"अंदाजाशी न जुळणारा तुकडा भरणी खराब समजते, बदलून टाकते. त्या जागी तुम्ही ऐकलंत, 'बोल प्रभे, चहा झाला.'"

बाई खुर्चीत बसल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी की शर्वरीकडे बघवेना. "मी ठणठणीत म्हणून सांगितलं गं," त्या म्हणाल्या. "माझ्या शब्दावर ठेवलं त्याला एकटं." मग त्या सावरून म्हणाल्या, "बंद कर ती भरणी. आत्ता."

शर्वरीनं ती बंद केली. बाईंनी फोन लावला.

"कोण?"

"दादा… अरे, मी… मी प्रभा." बाई मध्येच खोकल्या.

पलीकडून श्वास ऐकू आला. मग दादा तुटक बोलले. "प्रभा… अशी नाही बोलत. तिचा… आवाज चांगला आहे. तुम्ही… ठेवा."

फोन ठेवला गेला.

"भरणी दोन्हीकडून चालते, बाई," शर्वरी हळूच म्हणाली. "तुम्ही खोकता, अडता, शब्द आठवत बसता, ते त्यांनी आठ महिने ऐकलेलंच नाही."

बाईंनी हृषीकेशला उठवलं. "मी चुकले रे. मी त्याला माझ्याकडे आणते." इतक्या सरळ शब्दांत चूक कबूल करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. गाडी ठरली. फलटण पाच तासांवर होतं.

उंबरठ्यावर शर्वरीनं विचारलं, "भरणी बंदच राहू दे ना?"

पाच तास तो माणूस फोनशी एकटा बसणार, आणि त्याला हवी असलेली प्रभा त्यावर बोलणार नाही. बाई थांबल्या.

"चालू कर. मी पोचेपर्यंत."

घरचा नंबर आता भरणीसकट मोबाइलवरही चालत असे. गाडी गावाबाहेर पडताच बाईंनी तो लावला.

"बोल प्रभे," दादा खणखणीत म्हणाले.

बाईंनी तोंड उघडलं, पण हुंदका आला. त्या तोंडावर पदर धरून रडत राहिल्या. पलीकडून दादा म्हणाले, "हो का? बरं झालं." मग थोडं थांबून, "छान गं." मग ते मनापासून हसले.

कोल्हापूर मागे पडलं तरी फोन चालूच होता. प्रभाबाईंनी अजून एक शब्दही उच्चारला नव्हता.