पुढच्या सीटचा पट्टा

खोटं वाटलं तर वाटू दे. पण स्वतःच्या आईच्या मरणावर गोष्टी रचणाऱ्यांतला डेंटर नाही.

आणि हे रात्री-बित्री घडलेलं नाही. भर दुपारी, त्याच्याच घराच्या दारात, लख्ख उन्हात घडलं.

गाड्यांचे पत्रे ठोकतो म्हणून त्याला सगळे डेंटरच म्हणतात. तो काम करतो त्या गॅरेजात जुन्या महागड्या गाड्या येतात आणि शववाहिका होऊन बाहेर पडतात. मागचा भाग कापून लांब करायचा, लोगो उखडायचा, पांढरा रंग फासायचा. मूळ मालकालाही ओळखू येत नाही. डेंटर मात्र डोळे मिटून ओळखतो. सगळं बदललं तरी पुढच्या दाराचा आवाज बदलत नाही.

तशीच एक गाडी त्याने दार लावताच ओळखली होती.

दादाची!

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. गाडी नवी आली त्या दिवशी आई हौसेने पुढच्या सीटवर बसली होती. तिला पट्टा लावता येईना. टिंग… टिंग… सुरू झालं. दादाच्या सासरची मंडळी ताटकळलेली. दादा खेकसला, "उतर खाली! तू ये मागून बसने."

ती उतरली. नंतर जन्मभर म्हणायची, "बसवेल रे कधीतरी. कामात असतो तो."

दादाचा धंदा बुडाला, गाडी विकली गेली. सुंभ जळला, पीळ काही गेला नाही.

आई गेली तेव्हा डेंटरने मालकाला सांगून मुद्दाम तीच गाडी आणली. दादाने ती ओळखावी, एवढंच त्याला हवं होतं. आई तर गेलीच, निदान याला लाज तरी वाटू दे!

आईला मागे ठेवलं. डेंटरने गाडी चालू केली. दादाने नाक मुरडलं.

"दुसरी बरी गाडी नाही मिळाली? थांब, मी पुढे बसतो."

त्याने पुढचं दार उघडलं आणि…

टिंग… टिंग… टिंग…

सीट रिकामी होती.

त्या सीटच्या टिंगटिंगची वायर डेंटरने स्वतः कापली होती. ती टिंगटिंग ऐकवतच नव्हती त्याला.

"बंद कर ते," दादा म्हणाला.

"वायरच नाही त्याला. गाडी ओळखलीस का, दादा?"

दादाने डॅशबोर्ड पाहिला. दाराची कड चाचपली. त्याच्या तोंडावरचा रंगच उडाला. त्याने पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून नेऊन अडकवला.

आवाज थांबला.

पण पट्टा सीटला टेकला नाही… वीतभर पुढेच राहिला. कुणाच्या तरी अंगावरून गेल्यासारखा.

आणि सावकाश… वर-खाली होऊ लागला.

दादाने दार लोटून दिलं. आईच्या शेवटच्या प्रवासाला थोरला मुलगा मागून बसने आला.

सगळं आटोपल्यावर डेंटरने पट्टा काढायला बटण दाबलं. सुटला नाही. आजही सुटत नाही. मालक म्हणतो, "काप आणि मोकळा हो." कात्री समोरच्या खणात पडून आहे.

ती गाडी आता डेंटरच चालवतो. दर फेरीला मागे कुणीतरी परकं माणूस निजलेलं असतं, आणि शेजारी तो पट्टा हळूच हलत असतो. डेंटरला भीती वाटते, आणि त्या भीतीचीच लाज वाटते. आईने या सीटवर बसावं म्हणून तो इतकी वर्षं झुरला. आता तिने उतरावं असं वाटतं.

पण तिला पुन्हा 'उतर' कोणी म्हणायचं?