माऊस उंदरानं खाल्ला!

“हॅलो, आमचा माऊस बंद पडलाय. उंदरानं वायर कुरतडली.”

पलीकडून खळखळून हसू. “म्हंजे भाऊबंदकीच झाली की, मॅडम!”

मी सत्यशीला, वाटूरला मुलींना कॉम्प्युटर शिकवते. दुरुस्तीवाल्याचा नंबर एका जुन्या पावतीवर सापडला होता. तासाभरात तो आष्टीहून आला. धर्मराज. उंच, सावळा, बोलायला मोकळा. टेबलाखाली वाकला मात्र, अन् उंदीर त्याच्या हातावरूनच पळाला. मी किंचाळून खुर्चीवर चढले. तोही किंचाळला — अन् दुसऱ्या खुर्चीवर!

दोघं वरूनच एकमेकांकडे बघत राहिलो.

“इंग्रजीत भित्र्या माणसालाबी माऊसच म्हणतेत,” तो हळूच म्हणाला.

“मंग उंदीर धरून आज इथं तीन हायेत,” मी म्हणाले.

शेवटी मीच उतरून झाडूनं उंदराला हाकललं. वायर जोडून जाताना धर्मराजनं माझ्याकडे असं पाहिलं, की दुपारी मुलींना काय शिकवलं ते मलाच आठवेना.

मग तो येतच राहिला. कधी की-बोर्ड पुसायला, कधी नुसतंच, “इकडूनच जाऊन राह्यलो होतो.” एकदा म्हणाला, “पोटात चूहे दौडून राह्यले.”

“आपल्यात कावळे ओरडतेत,” म्हणत मी डबा पुढं केला.

“तुमच्या भाकरीपुढं दोघंबी गप!” ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, तरी खात राहिला.

एका बुधवारी मी त्याला सांगितलं — रविवारी संभाजीनगरचे पाहुणे मला बघायला येणारेत. त्याचा चेहरा उतरला.

शुक्रवारी भर पावसात भिजत आला. “मॅडम, मला… लई दिवसांपासून… एक सांगायचंय…”

मी खुर्ची पुढं ओढली. त्यानं पिशवीतून खोकं काढलं. “बिनवायरचा माऊस आणला. आता कुरतडायला वायरच न्हाई.”

“डोंगर पोखरून उंदीरच काढला की तुम्ही!” मी खोकं टेबलावर ठेवलं. “अन् मंग… तुम्हाला यायला कारणबी राह्यलं न्हाई.”

तो पिशवी उचलून गेला. मी रिकाम्या क्लासात बसून राहिले. पाचच मिनिटांत परत दारात उभा, केस कपाळाला चिकटलेले.

“कारण नकोच मला. तुम्ही पाहिजेत. घरी कधी येऊ?”

माझ्या हातातला खडू खाली पडला.

“पाहुणे दहाला येणारेत,” मी म्हणाले. “तुम्ही… नऊला या.”

शनिवारी मी आईला सारं सांगून टाकलं, आईनं बाबांना. बाबा रात्रभर घुश्श्यात होते. रविवारी आठलाच दारात धर्मराजची गाडी थांबली. मागच्या सीटवर त्याची आई, दुर्गाबाई.

“लवकर आलो का?” त्या ओशाळून म्हणाल्या. “काय करता! ह्यो पहाटे चारपासून अंघोळ करून बसलाय.”

बाबांना हसू आवरेना. गाव, गोत, पाहुणे-रावळे विचारून झाले. मग त्यांनी फोन उचलला. “राम राम पाहुणे. तुम्ही निघू नका बरं. आमच्या पोरीनं ठरवलंय.”

आत माझ्या हातून चहात दोनदा साखर पडली. धर्मराजनं सगळा कप संपवला, अन् माझ्याकडे बघत म्हणाला, “अजून अर्धा मिळंल का?”