दुसऱ्या सीटचे सात महिने

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांनी ज्यांनी ऐकली त्यांनी समोर माना डोलावल्या आणि माझी पाठ वळल्यावर हसले. एकाने तर तोंडावरच विचारलं, बाई, तुम्ही तरुणपणीही अशाच होतात का? होते. पण गोष्ट शंभर टक्के खरी आहे.

परवा नातीला सांगितली, तीही एका अटीवर. शेवटपर्यंत मध्ये बोलायचं नाही. ती मोटारदुरुस्ती शिकते, त्यामुळे तिला प्रत्येक नटबोल्टावर शंका. तिने तोंडावर बोट ठेवलं आणि समोर मांडी घालून बसली. आतल्या खोलीत तिचे आजोबा शिवणयंत्रावर पडदे शिवत होते. त्यांना मी अट घातली नाही. ते तसेही कधी बोलत नाहीत.

तर... माझ्या बाबांनी पस्तीस वर्षं क्रेन चालवली, आणि निवृत्त झाले त्याच आठवड्यात लिलावातून एक मोडकी गाडी ओढत घरी आणली. दोन दारांची, आठ सिलिंडरांची, सुसाट पळवण्यासाठीच जन्माला आलेली. बॉनेट एवढं लांब, की पुढचा दिवा पुसायला जाताना बाबा घरात सांगून निघत. कार्ब्युरेटरमध्ये चिमण्यांचं घरटं होतं. त्यांना दुसरी जागा मिळेपर्यंत आम्ही दोन महिने तिकडे हात लावला नाही. घराला लागून पत्र्याची शेड होती, तिथे गाडी विटांवर उभी राहिली. वर्षभरात बाबांचे गुडघे गेले आणि पाना माझ्या हातात आला. ते स्टुलावर बसून हुकूम सोडायचे, मी गाडीखाली.

मी तेव्हा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. माझ्या मापात कधी केसाची चूक निघाली नाही. एकदा निघाली, तर साहेब माझी तब्येत विचारायला घरी आले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. संध्याकाळी कचेरी सुटली की हात काळे. गंज घासायचा, पुट्टी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, आणि खाली पुन्हा गंज दिसला की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या नखांकडे बघून एका मावशीने माझ्या लग्नाचा विषय कायमचा मिटवून टाकला.

दोन वर्षांत गाडीला गाडीपण आलं. फक्त पुढच्या दोन सीट नव्हत्या.

एका रविवारी भंगाराच्या आवारात आमच्या गाडीची जुळी बहीण सापडली. इंजिन नाही, चाकं नाहीत, पण दोन्ही सीट जागेवर. मी मागून आत वाकले आणि बोल्ट सोडवायला लागले. तीन सुटले. चौथा सुटला, तोच सीट आपोआप पुढे सरकली. मी मागे ओढली. ती पुन्हा पुढे गेली.

"कोण आहे पलीकडे?" मी विचारलं.

"मी."

"मी कोण?"

"कुशनवाला." पलीकडच्या दारातून एक डोकं आत आलं. केसांत फोमचा चुरा, कानामागे खडू. "आणि तुम्ही?"

"ही सीट जिची आहे ती."

"सीट तर मी ओढतोय."

"बोल्ट मी सोडवलेत."

"मला नुसत्या स्प्रिंगा हव्यात. असल्या स्प्रिंगा आता बनत नाहीत."

"मला अख्खी सीट हवी. असली गाडीही आता बनत नाही."

तो थांबला. "गाडी कुणाची?"

"वडलांची."

"काम कोण करतं?"

मी कोपरापर्यंत काळे झालेले हात पुढे केले. त्याने ते पाहिले... नीट, सावकाश, चांगलं कापड पारखतात तसे. मला उगीचच हात मागे घ्यावेसे वाटले, आणि घेतले नाहीत.

"मग स्प्रिंगा राहू देत जागेवर," तो म्हणाला. "सीट मीच शिवून देतो. दोन्ही."

इथे नातीने आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. मशीन खटखटत होतं. तिने पुन्हा तोंडावर बोट ठेवलं.

पहिली सीट, म्हणजे चालवणाऱ्याची, तीन आठवड्यांत झाली. काळी, कडेला तांबडा गोट. बाबा तिच्यावर बसले आणि अर्धा तास उठलेच नाहीत. म्हणाले, "क्रेनमध्ये अशी असती तर मी निवृत्त झालोच नसतो."

दुसऱ्या सीटला सात महिने लागले.

कारण सांगायला आता हरकत नाही. कव्हरचा कागदी नमुना मी काढून द्यायचे आणि त्यावरून तो कापायचा. पहिल्या वेळी कव्हर दोन बोटं अपुरं पडलं. दुसऱ्या वेळी तीन. तिसऱ्या वेळी तो फ्रेमपुढे बसून कव्हर ओढत होता, आणि मी शेजारी उभी राहून खिडकीबाहेर बघत होते.

"कागद आकसला असेल," मी म्हणाले. "उन्हाने."

"दहा दिवस ऊन नाही."

"मग ओलीने."

"ओलीने कागद फुगतो."

"मग तुमचं कापड आकसलं."

त्याने टेप बोटांना गुंडाळली. हसला नाही, पण हसू कुठे ठेवलंय ते दिसत होतं. "पुढच्या रविवारी येऊ?"

"यावंच लागेल. काम अर्धवट आहे."

असे रविवार जात राहिले. कापणं झालं की तो आपला जायचा नाही. एकदा ब्रेकमधली हवा काढायची होती. हे काम एकट्याचं नाही. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली पडून चाकापाशी पाना फिरवायचा. बाबांचे गुडघे चालेनात, म्हणून कुशनवाल्याला आत बसवलं.

"दाबा," मी खालून म्हणाले.

"दाबलं."

"धरून ठेवा. मी सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही."

"नाही उचलत."

मी पाना फिरवला, बुडबुडे आले, पाना परत घट्ट केला. आणि मग... खालून मला त्याचा एकच बूट दिसत होता. लेस सुटलेली. बघत राहिले.

"अहो," थोड्या वेळाने वरून आवाज आला, "पाय बधिर झाला. दाबतोय की नाही तेही कळत नाही. विसरलात का?"

"विसरले नाही," मी म्हणाले. "तपासत होते."

"काय?"

"किती वेळ धरता ते."

"आणि?"

"बरं धरता."

स्टुलावर बाबांना एकदम खोकला आला. त्यांना खोकल्याचा त्रास कधीच नव्हता.

मग एका रविवारी तो आला. नवा नमुना हातात घेतला, पण पाहिला नाही. दुसऱ्या शहरात मोठं नाट्यगृह बांधत होते. बाराशे खुर्च्या, दोन वर्षांचं काम, राहायला खोली. असं काम कुशनवाल्याला जन्मात एकदा मिळतं.

"घेतलंत?" मी विचारलं.

"पुढच्या सोमवारी निघायचंय." टेप उलगडत, गुंडाळत तो म्हणाला. "रविवारी तुमची दुसरी सीट बसवून टाकतो. काम अर्धवट टाकून मी कुठे गेलेलो नाही आजवर."

"मग या वेळी माप बरोबर द्यायला हवं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "द्याल तसं."

काय म्हणायचं होतं मला? राहा म्हणायचं होतं. पण बाराशे खुर्च्यांसमोर एका सीटवालीने राहा कसं म्हणायचं... त्या आठवड्यात मी माप बरोबर दिलं. पहिल्यांदाच. दोनदा मोजून पाहिलं, केसाची चूक नव्हती.

आणि शनिवारी दुपारी, बाबा झोपलेले बघून, मी त्या दुसऱ्या सीटची फ्रेम उचलली आणि घराच्या पोटमाळ्यावर चढवली. वीस किलोची फ्रेम, एका हाताने, शिडीवरून. वर जुनी सतरंजी टाकली. माणूस काम अर्धवट टाकून जात नाही म्हणतो ना? मग अर्धवटच राहू दे.

रविवारी तो कव्हर खांद्यावर टाकून आला. "फ्रेम कुठे आहे?"

"इथेच तर होती."

शेड धुंडाळली. गाडीखाली पाहिलं, पत्र्यामागे पाहिलं, बाबांचं स्टूलसुद्धा हलवलं. बाबा एकदा घराच्या पोटमाळ्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "चोर बाकी हुशार. एवढी गाडी सोडली आणि तेवढी सीट नेली."

मग तेच म्हणाले, सीट नाही तर नाही, आज इंजिन तर लावून बघू. मी किल्ली फिरवली. एकदा, दोनदा... तिसऱ्यांदा आठही सिलिंडर बोलले. असा आवाज, की शेजारच्या गल्लीतली तीन बंद घड्याळं चालू झाली. पत्रे थरथरले. बाबा गुडघे विसरून उभे राहिले.

"जा," ते ओरडले. "एक चक्कर मारून ये."

गाडी मी बाहेर काढली. कुशनवाला माझ्या शेजारी बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर, शहाण्यासारखा. सरळ मोकळा रस्ता. मी गाडी अशी सोडली, की आमची सावली मागे राहिली आणि पुढच्या चौकात येऊन मिळाली. आणि त्या वेगात, त्या आवाजात, तो माझ्याकडे वळला. चेहरा पांढराफटक.

"मला... तुम्हाला काही विचारायचंय," तो म्हणाला.

"विचारा."

"मी गेलो नाही तर... चालेल?"

मी नजर रस्त्यावरून हलवली नाही. गियर बदलला. आपली किंमत आपण राखावी माणसाने. म्हणाले, "विचार करून सांगते."

एवढं बोलून मी थांबले आणि नातीकडे पाहिलं. तिने तोंडावरचं बोट काढलं.

"झाली गोष्ट?"

"झाली."

"मग आता बोलू?"

"बोल की."

"आजोबा तुझ्या शेजारी बसले होते म्हणालीस. कशावर?"

"म्हणजे?"

"दुसरी सीट तर तू पोटमाळ्यावर लपवली होतीस."

आतलं मशीन थांबलं.

"डब्यावर," मी म्हणाले. "ऑइलचा डबा होता एक. उपडा घातला."

"त्या वेगात? डब्यावर? हात गुडघ्यांवर ठेवून?"

"आमच्या वेळचे डबे..." मी सुरुवात केली.

"मी गाडीत नव्हतोच." आजोबा दारात येऊन उभे राहिले होते, गळ्यात टेप, हातात पडद्याचं टोक. "शेडच्या दारात उभा होतो. ही एकटीच चक्कर मारून आली. इंजिन बंद केलं नाही, काच खाली करायला गेली, तर काच अर्ध्यावरच अडकली. त्या अर्ध्या काचेवरून म्हणाली, 'बाराशे खुर्च्या कुणीही शिवेल. माझी एकच राहिलीय. थांबता का?'" त्यांनी पडद्याची शिवण नखाने दाबून सरळ केली. "आणि 'विचार करून सांगतो' वगैरे मी काही म्हणालो नाही. तिथल्या तिथे हो म्हणालो."