चाळीस घोडे आणि एक माणूस

१९३१ साली जबलपुरात विष्णुपंत वकिलांकडे दोन मोटारी होत्या. हिरवी फोर्ड, चार सिलिंडर, चाळीस घोडे. निळी शेवरलेट, सहा सिलिंडर, शेहेचाळीस घोडे. फोर्ड काटक, खड्ड्याला न जुमानणारी. शेवरलेट अशी मऊ चालायची की वकीलसाहेब मागे बसून घोरत. अंबादास फोर्डचा ड्रायव्हर, पण शेवरलेटचं इंजिन सुरू झालं की तोही भजन ऐकल्यासारखा डोळे मिटायचा.

रविवारी वकीलसाहेब म्हणाले, "आता एकच गाडी ठेवायची, एकच ड्रायव्हर. जी भेडाघाटला आधी पोचेल ती."

अंबादासच्या घरी तिसरं बाळ नुकतंच आलं होतं. त्याने फोर्ड दोनदा पुसली.

"काहून पुसून राहिला, भाऊ?" शेवरलेटचा ड्रायव्हर नथ्थू म्हणाला. "माझे सहा घोडे जास्त आहेत. तू चाळिसांना चारा घाल."

फोर्ड अंबादासकडे चारच महिने होती. आधीचा ड्रायव्हर, सदा तंबाखू चघळणारा तुळशीराम, तापाने गेला. शेवटच्या संध्याकाळी त्याने गाडी लावली, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "येतो." निघताना आपल्यात 'जातो' कोण म्हणतं? पण गाडी पडली अमेरिकेची. तिने ते खरंच धरलं असणार, अशी नथ्थूची थट्टा. अंबादास गाडीशी बोलत नसे.

सकाळी नऊला निघाले. वकीलसाहेब शेवरलेटमध्ये. गढा गावापर्यंत शेवरलेट आरामात पुढे, जणू लग्नाला निघालेली. पुढे तेवर गावच्या चढावर फोर्डला धाप लागली, इंजिन खडखडू लागलं.

स्टीअरिंगखाली इंजिनात ठिणगी पडायची वेळ मागेपुढे करायची एक दांडी असते. ती एक खाच वर सरकली.

अंबादासचे दोन्ही हात चाकावर होते.

इंजिनाची खडखड थांबली. फोर्ड शेवरलेटच्या बाजूने अलगद निघून गेली. आत तंबाखूचा वास भरला. अंबादास तंबाखू खात नव्हता.

भेडाघाटला फोर्ड शंभर हात आधी पोचली.

"वा! चाळीस घोड्यांत ही चाल!" वकीलसाहेब उतरून फोर्डभोवती फिरले. "फोर्डच राहील, आणि तूही. पण अंबादास, सोबत माणूस काहून घेतला? वजन वाढतं ना."

"कोण माणूस, साहेब?"

नथ्थू हरला होता, तरी त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो हळूच म्हणाला, "भाऊ, तू तर बाजूला बसून होता. चालवून तो राहिला होता."

दुपारी अंबादासने फोर्ड बंगल्यात लावली. नोकरी टिकली होती. बाळाला सांगायची घाई झाली. खाली उतरून त्याने तापलेल्या बॉनेटवर प्रेमाने थाप मारली आणि सवयीने बोलून गेला, "येतो."

मग जीभ चावली.

आत सीटची स्प्रिंग करकरली. ड्रायव्हरच्या गादीवरचा खळगा हळूच एका बाजूला सरकला.

शेजारी आणखी एकाला बसता येईल, एवढी जागा झाली.